न छापलेल्या बातमीला वादी नसतो

वृत्तपत्रस्वातंत्र्याबद्दलचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक पायाभूत निकाल कुठल्याही जहाल अग्रलेखावरून लागलेला नाही. तो लागला पानांच्या हिशेबावरून. १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन केंद्र सरकारनं १९६० मध्ये आदेश काढला, की दैनिकानं किती पानांना किती किंमत घ्यायची आणि जाहिरातींना किती जागा द्यायची ते सरकार ठरवेल. पुण्याचा 'सकाळ' त्याविरुद्ध न्यायालयात गेला. 'सकाळ'च्या दोन वाचकांनीही तेव्हा वेगळे अर्ज केले होते, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. सरकारची बाजू वरवर पटण्यासारखी होती: मोठी दैनिकं कमी पैशात जास्त पानं देऊन छोट्यांना जगू देत नाहीत, म्हणून त्यांना आवर घालायचा आहे. १९६१ साली घटनापीठानं हे म्हणणं फेटाळलं. निकाल लिहिणाऱ्या न्या. मुधोळकरांचा तर्क कुठल्याही वितरण व्यवस्थापकाला कळेल असा होता. किंमत वाढली की खप घटतो. जाहिरातीची जागा कापली की उत्पन्न घटतं, मग किंमत वाढवावी लागते आणि पुन्हा खप घटतो. खप घटला म्हणजे म्हणणं कमी लोकांपर्यंत पोचलं. तेव्हा पैशाच्या नाड्या आवळणं हेही बोलण्यावरचंच बंधन.

पुढे १९७२ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' काढणाऱ्या 'बेनेट कोलमन' कंपनीच्या खटल्यात कागदाच्या कोट्यावरून आणि दहा पानांच्या मर्यादेवरून, तर १९८४ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'च्या खटल्यात कागदावरच्या आयात शुल्कावरून हाच मुद्दा निघाला. म्हणजे सरकार पैशाच्या वाटेनं वर्तमानपत्राचा गळा धरू शकतं, हे आपल्या न्यायालयांना साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

या निकालांचं मोल मोठंच आहे. पण ते सगळे एका दिशेचे आहेत. सरकारनं मालकाला अडवलं, मालक न्यायालयात गेला, मालक जिंकला. उद्या त्याच मालकानं सरकारी जाहिरात टिकावी म्हणून आपल्या वार्ताहराला अडवलं, किंवा अडवायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवली, तर कुणाचा हक्क डावलला गेला? कायद्याच्या दृष्टीनं कुणाचाच नाही. मालकानं आपल्या कागदावर काय छापायचं आणि काय नाही, हा त्याचा अधिकार, आणि तो तर याच निकालांनी पक्का केलेला. १९७२ च्या खटल्यात न्या. मॅथ्यू यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. जपायचं ते फक्त छापखाना ज्याच्या हातात आहे त्याचं बोलणं नव्हे, तर समाजात नाना मतं फिरत राहणं, असा त्यांचा रोख होता. ते मत अल्पमतात राहिलं, आणि आपली पत्रकारिता ज्या दुखण्यानं आज आजारी आहे त्याचं निदानही तिथंच राहून गेलं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात ते बसेल. नळपाणी योजनेची नवी टाकी पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागते. तालुका वार्ताहर जातो, फोटो काढतो, सरपंचाशी बोलतो, अंदाजपत्रकाची प्रत मिळवतो. त्याच्या हातात बातमी आहे. आता त्याच्या हातात आणखी काय काय आहे ते पाहू. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट आहे, कारण वार्ताहर आणि जाहिरात प्रतिनिधी ही इथे दोन माणसं नसतात. महिन्याचं मानधन पेट्रोलमध्ये जातं, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या ठेकेदारानं टाकी बांधली त्यानंच आमदारांच्या वाढदिवसाला अर्धं पान घेतलं होतं, खाली 'शुभेच्छुक' म्हणून स्वतःचा फोटो टाकून. त्या अर्ध्या पानाचं बिल अजून थकलंय आणि ते वसूल करायची जबाबदारीही याच वार्ताहराची आहे.

बातमी लागते. लागते बरं का, कुणी ती दडपत नाही. 'टाकीच्या कामाबाबत ग्रामस्थांत नाराजी' असं दोन कॉलमी शीर्षक असतं. आत ठेकेदाराचं नाव नसतं, 'संबंधित ठेकेदार' असतो. योजनेची मंजूर रक्कम नसते. काम कुणाच्या शिफारशीनं कुणाला मिळालं, हे नसतं. उपअभियंत्याची प्रतिक्रिया मात्र असते: पाहणी करून योग्य ती कार्यवाही करू. गावाला वाटतं आपली दखल घेतली गेली. ठेकेदाराला कळतं की आपल्याला सांभाळून घेतलं. वार्ताहर बिलाच्या वसुलीला मोकळा.

या सगळ्यात धमकी कुणी दिली? आमदारांनी फोन केला नाही. ठेकेदार भेटायला आला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या आवृत्तीप्रमुखाला ही टाकी कुठे आहे तेही ठाऊक नाही. ज्याला आपण स्वनियंत्रण, सेल्फ-सेन्सॉरशिप वगैरे नावं देतो, ते बहुतेक वेळा असं घडतं. त्यात भीती असते, पण ती नंतर. आधी असतो तो जमाखर्च. म्हणून 'पत्रकारांना कणा उरला नाही' ही आपल्याकडची लाडकी तक्रार मला आळशी वाटते. महिन्याच्या शेवटी ज्याची चूल ठेकेदाराच्या चेकवर पेटते, त्याच्या कण्याची तपासणी करण्याआधी ती चूल तशी कुणी मांडली हे विचारायला हवं.

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काम केलं आहे. नवा उपसंपादक तिथे पहिल्या महिन्यात शीर्षकं द्यायला शिकतो, पानं लावायला शिकतो, आणि एक यादी शिकतो. ती भिंतीवर टांगलेली नसते, कुणी ती वाचूनही दाखवत नाही. एखाद्या खासगी रुग्णालयात रुग्ण दगावल्याची बातमी येते, वरिष्ठ नुसतं म्हणतात, 'नाव कशाला, शहरातलं एक रुग्णालय म्हण.' पुढच्या वेळी ते म्हणावंही लागत नाही. तिसऱ्या वेळी वार्ताहरच नाव न घालता बातमी पाठवतो. वर्षभरात हे सगळं इतकं अंगवळणी पडतं, की नाव घालायचं असतं हाच विचार मनात येत नाही. रुग्णालयं, क्लासेस, बिल्डर, सराफ, साखर कारखाना, शिक्षणसंस्था या सगळ्यांनाच ही सवलत मिळते.

सगळ्यात जीवघेणी गोष्ट पतसंस्थांची. मुदत ठेवीवर चढा व्याजदर देणारी संस्था स्थानिक पानांची मोठी गिऱ्हाईक असते. अध्यक्षांचा सत्कार, नव्या शाखेचं उद्घाटन, सभासदांना लाभांश, सगळं फोटोसह येतं. संचालकांनी आपापल्या नातेवाइकांना दिलेली कर्जं थकली आहेत, ही कुजबुज गावात आधीपासून असते. पत्रकाराच्या कानावर ती सगळ्यांत आधी जाते. ती छापून यायला लागते तेव्हा संस्थेच्या दारात ठेवीदारांची रांग लागलेली असते, आणि बुडालेल्या संस्थेकडून जाहिरात मिळायची शक्यता संपलेली असते. मग मात्र बातम्या जोरात येतात. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी त्या दोन टप्प्यांच्या मधे गेलेली असते.

सरकार हा या बाजारातला सर्वांत मोठा जाहिरातदार, आणि छोट्या दैनिक-साप्ताहिकांसाठी कित्येकदा एकमेव. सरकारी जाहिरात मिळण्यासाठी लागणाऱ्या शासनमान्य यादीत नाव, तिच्यातली अ-ब-क वर्गवारी, १ मे नि १५ ऑगस्टच्या दर्शनी जाहिराती, निविदा सूचना, पत्रकार म्हणून सरकारी मान्यता देणारं अधिस्वीकृती पत्र, म्हातारपणी ज्येष्ठ पत्रकारांसाठीचं मानधन. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर गैर काहीच नाही, उलट काही योजना चांगल्याच आहेत. पण सगळ्या मिळून एक दोरी तयार होते आणि तिचं टोक सत्तेच्या हातात राहतं. दोरी ओढावी लागत नाही. ती आहे, एवढं माहीत असलं की पुरतं. कधी ओढली जाते तेव्हाही कागदावर काही उमटत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर 'ग्रेटर काश्मीर' आणि 'काश्मीर रीडर' या दैनिकांच्या सरकारी जाहिराती थांबल्या. कारण लेखी कळवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्चमध्ये काश्मिरातल्या दैनिकांनी निषेध म्हणून पहिलं पान कोरं ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये देशातल्या तीन बड्या वृत्तसमूहांच्या केंद्र सरकारी जाहिराती बंद झाल्याच्या बातम्या आल्या, लोकसभेत विषय निघाला, आणि पुढे सगळं निवळलं. काय देऊन निवळलं, हे कळायला वाचकाकडे काही मार्ग नाही. यात पक्षाचा प्रश्न फारसा येत नाही. राज्यात गेल्या काही वर्षांत सत्तेची जेवढी समीकरणं झाली, त्या प्रत्येकानं ही दोरी जशीच्या तशी पुढच्याच्या हाती दिली.

आणीबाणीशी तुलना करायची सवय आपल्याला आहे. ती इथे उपयोगी पडते, पण उलट्या बाजूनं. तेव्हा सेन्सॉर हा एक अधिकारी होता, त्याला कार्यालय होतं, शिक्का होता. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकाचा मजकूर त्यानं अडवला, तेव्हा मसानींच्या हाती आव्हान द्यायला आदेश होता. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, जिंकले. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेनं शिडं वळवायला लावणं, एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, अशा आशयाचं त्या निकालात म्हटलं आहे. आज 'संबंधित ठेकेदार' असं छापलेल्या बातमीविरुद्ध कुणी न्यायालयात जायचं ठरवलं, तर तो आव्हान कशाला देणार? आदेश नाही, अधिकारी नाही, तारीख नाही. वार्ताहर म्हणेल मीच तसं लिहिलं, आणि ते खरंही असेल.

कायद्याचा धाक आहेच, आणि तोही निकालापेक्षा नोटिशीवर जास्त चालतो. अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये घटनात्मक ठरवला. खटला जिंकणं ही पुढची बाब. तो दहा वर्षं लढणं हीच शिक्षा असते. २०१७ मध्ये मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'ला अदानी समूहातल्या एका कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. नंतर विश्वस्तांच्या सांगण्यावरून लेख संकेतस्थळावरून उतरला आणि संपादक परंजॉय गुहा ठाकुरता यांनी राजीनामा दिला. संपादकांनी आपल्याला न कळवता नोटिशीला उत्तर धाडलं, ही विश्वस्तांची तक्रार होती, आणि कार्यपद्धती म्हणून ती अगदीच बिनबुडाची म्हणता येणार नाही. पण लेख उतरवा, असं कुठल्याही न्यायाधीशानं सांगितलेलं नव्हतं. इतकं जुनं, अभ्यासकांमध्ये इतकं वजन असलेलं नियतकालिक नोटिशीपुढे असं वागत असेल, तर भाड्याच्या दोन खोल्यांतून चालणाऱ्या साप्ताहिकाकडून आपण काय अपेक्षा करायची?

जिवाची भीतीही आहे. राजापूर तालुक्यातल्या प्रस्तावित रिफायनरीबद्दल सातत्यानं लिहिणारे 'महानगरी टाइम्स'चे शशिकांत वारिसे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीखाली चिरडण्यात आलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दलची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, त्याच माणसाला पोलिसांनी अटक केली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१७ चा, म्हणजे तो तेव्हा होताच. अशा एका घटनेनंतर आसपासच्या तालुक्यांतल्या किती वहीतल्या नोंदी वहीतच राहिल्या असतील, हे कुठल्याही गुन्हे नोंदीत येत नाही.

पत्रकारांची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. गप्प बसण्याला बाजारभाव आला, की ते विकणारेही तयार होतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत 'पॅकेज' हा शब्द, म्हणजे पैसे घेऊन उमेदवाराचा प्रचार बातमी म्हणून छापणं, घरोघरी पोचला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः एकसारखी, वेगवेगळ्या नावांखाली बातमी म्हणून छापून आली होती, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं या धंद्यावर नावानिशी मोठा अहवाल तयार केला. कौन्सिलनं २०१० मध्ये प्रसिद्ध केली ती त्याची कापलेली आवृत्ती. संपूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं वृत्तपत्रांवरचाच अहवाल कापला, याहून चपखल उदाहरण मला सुचत नाही. खालच्या पातळीवर हाच व्यवहार आणखी उघडा असतो: बातमी तयार आहे, छापू की नको ते तुम्ही सांगा. अशा लोकांमुळे अधिकाऱ्यांना प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याला खंडणीखोर ठरवायची सोय होते.

यूट्यूबनं हे सगळं बदललं, असं मानणारे पुष्कळ आहेत. मुंबई-पुण्यातल्या काही मोजक्या वाहिन्यांपुरतं ते थोडंफार खरं आहे. तालुक्यात मात्र हातात बूम घेतलेला तरुण त्याच ठेकेदाराकडून, त्याच वाढदिवसाची जाहिरात घेतो, आणि त्याच्या पाठीशी डेस्क नाही, वकील नाही, शासनमान्य यादीवरचं नावही नाही. मी याला सुटका म्हणणार नाही.

६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत पत्रकार दिन साजरा होतो. टिळक-आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर भाषण झडत असतं, तेव्हा वक्त्याच्या मागच्या बॅनरवरची प्रायोजकांची नावं जरूर वाचावीत.

करायचं काय? निर्भयतेवर व्याख्यानं ठेवून काही होणार नाही. पैशाची वाट दिसेल असं काही करावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१५ च्या निकालात सरकारी जाहिरातींसाठी नियम घालून दिले. चर्चा झाली ती फोटोंची: राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचा चेहरा नको. काही राज्यं तेवढ्यासाठी न्यायालयात धावली आणि २०१६ मध्ये मुख्यमंत्री-मंत्र्यांचे चेहरे परत आले. त्याच निकालात एखाद्या माध्यमसमूहावर मेहेरनजर नको, जाहिराती समान तत्त्वावर द्याव्यात, असंही म्हटलं होतं. त्यासाठी मात्र कुणी धावलं नाही. समान तत्त्व पाळलं जातं की नाही हे तपासायचं, तर आकडे समोर हवेत. केंद्राच्या खर्चाचे आकडे निदान शोधले तर हाती लागतात. जिल्हा परिषद, महापालिका, बाजार समिती, राज्याची महामंडळं यांनी कुठल्या दैनिकाला वर्षात किती रुपये दिले, याचा एकत्र तक्ता सहसा सापडत नाही. तो ठेवायला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतंच.

दुसरी गोष्ट मालकांच्या हातातली आहे, म्हणून अधिक अवघड. बातमी आणणाऱ्या माणसाला जाहिरातीचं टार्गेट नको. लगेच उत्तर येईल की मग तालुक्यात माणूस ठेवणं परवडणार नाही, आणि हे उत्तर खोटं नाही. अंकाच्या छापील किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही. २०२० च्या टाळेबंदीत जाहिराती आटल्या तशी पानं घटली, आवृत्त्या बंद झाल्या, माणसं घरी गेली. पण मग निदान एवढं मान्य करावं, की तालुक्याच्या पानावर आपण देतो ती बातमी जाहिरातदाराच्या परवानगीची आहे, आणि ज्या अंकाच्या बातम्यांचा खर्च वाचक देत नाही तो अंक त्याच्यासाठी काढलेला नाही. किंमत दुप्पट करून तालुक्याला एक पगारी, टार्गेट नसलेला वार्ताहर देईन, असं जाहीरपणे म्हणणारा मालक मला अजून भेटायचा आहे. भेटला तर किती वाचक टिकतील, याबद्दल मीही फार आशावादी नाही.

तोवर एक काम होण्यासारखं आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून आपल्या जिल्हा परिषदेकडे अर्ज टाकायचा: गेल्या तीन आर्थिक वर्षांत कुठल्या वृत्तपत्राला, साप्ताहिकाला, वाहिनीला जाहिरातीपोटी किती रक्कम दिली आणि किती थकीत आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहितीची पळवाट रुंद केली आहे, त्यामुळे साप्ताहिक एखाद्याच्या नावावर असेल तर ती पुढे केली जाईल, अपील करावं लागेल. यादी हाती आली की त्याच तीन वर्षांतल्या जिल्हा परिषदेच्या बातम्या तिच्याशेजारी ठेवून वाचायच्या. हा अर्ज ओळखीच्या वार्ताहराकडून करून घेऊ नये. त्या यादीत त्याचं वर्तमानपत्र असणार आहे.